कुरुंद्याची उलटी शर्यत

हिंगोलीत संध्या खिल्लारेला नावानं कमी आणि गाडीवरून जास्त ओळखत. काळी, गिअरची, टाकीवर ओरखडे पडलेली मोटारसायकल आणि तिच्यावर बारा महिने तेरा काळ बसलेली ही बाई. मे महिन्यात डांबर पाघळायला लागलं की ओला पंचा डोक्याला गुंडाळून वर हेल्मेट. पावसाळ्यात बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. पुसाच्या थंडीत जाकिटाच्या आत, छातीशी, वर्तमानपत्राची घडी. "पेपर वाचायचा नसतो, घालायचा असतो," असं ती शिकायला येणाऱ्या पोरींना सांगे आणि स्वतःच मोठ्यानं हसे. तिचे वडील भीमराज एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी ते तिच्या गाडीचा आवाज ऐकत ओट्यावर चहा पीत आणि "आज चेन ढिली वाजून राहिली," एवढंच बोलत. त्या घरात मायेची भाषा तीच होती.

संध्याचा धंदा म्हणजे बायकांना मोटारसायकल शिकवणं. स्कुटी नाही, गिअरची गाडी. सकाळी हिंगोलीत एका मोकळ्या पटांगणावर नर्सबाया, शिक्षिका, पोलीस भरतीच्या पोरी. आणि रविवारी औंढ्याचा डोंगर ओलांडून थेट कुरुंद्याला. कुरुंद्याची ती बॅच नर्मदाबाईनं सुरू करायला लावली होती.

नर्मदाबाई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. हळदीचं रान कालव्याच्या पलीकडं. मागच्या वर्षी ती जीपमध्ये बसून हिंगोलीला आली, विचारत विचारत पटांगणावर पोचली, आणि रामराम घालून उभ्या उभ्याच म्हणाली, "म्याडम, गाडी हाय. चालवणारा बी हाय. पण चालवणाऱ्याला दिसंना झालंय."

तिचे मालक सटवाजी. त्यांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितलं तशी त्यांनी ती गोठ्यात नेऊन लावली, वर पोतं टाकलं आणि पुन्हा तिकडं बघितलं नाही. गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. रानात जायचं तर चालत, वसमतला जायचं तर जीप भरायची वाट बघत फाट्यावर उभं राहायचं.

"स्कुटी शिका ना मावशी," संध्या म्हणाली होती. "सोपी पडंल."

"घरात घोडा हाय. गाढव काहून घेऊ?"

त्या एका वाक्यावर संध्या फिदा झाली. पुढच्याच रविवारी ती कुरुंद्यात.

शिकताना नर्मदाबाई पडली. कांद्याच्या वाफ्यात पडली, कालव्याच्या भरावावर पडली, एकदा तर उभ्या गाडीवरून पडली. दर वेळी नऊवारीचा काष्टा झटकायची, आधी गाडीला कुठं लागलं ते बघायची, मग स्वतःला. सटवाजी बाजेवर पाठ करून बसायचे. बायकोनं आपली गाडी चालवावी हे त्यांना बघायचं नव्हतं, आणि तसं नीट दिसतही नव्हतं. पण कान कुठं बंद होतात? गाडी घरघरली की ते पाठ न वळवताच ओरडायचे, "क्लच! आगं क्लच दाब! ती गाडी हाय का वरवंटा?"

"त्याहिला सांगा म्याडम," नर्मदाबाई म्हणायची, "तोंड हिकडं करून शिकवा म्हणावं, न्हाईतर गप बसा."

सटवाजी काही तोंड वळवायचे नाहीत. पण एका रविवारी संध्या पोचली तर गाडी धुऊन पुसून, चेनला तेल घालून, अंगणात उभी होती. कोणी केलं हे कोणी सांगितलं नाही आणि संध्यानं विचारलंही नाही.

हळद काढून झाली, ती शिजवायला गावात कढया चढल्या, आणि जत्रेच्या तोंडावर नर्मदाबाईचा फोन आला. आवाज इतका मोठा की संध्यानं मोबाईल कानापासून लांब धरला.

"म्याडम! जत्रंत गाड्यांची शर्यत हाय! पण उलटी! जो सगळ्यात मागून पोचंल त्याचा पहिला नंबर. पाय टेकला का बाद, गाडी बंद पडली का बाद. मला उतरायचंय!"

संध्या पटांगणाच्या मध्ये उभी होती, अवतीभवती पोरी गोल गोल गाड्या फिरवत होत्या. तिच्या अंगावर काटा आला. हळू गाडी! ती इतकी वर्षं जे घसा फोडून सांगत होती, त्याचीच शर्यत! जोरात तर कोणीही पळवतं, ॲक्सिलरेटरचा कान पिळला की गाडी आपोआप पळते. माणसाची खरी परीक्षा गाडी चालण्या-थांबण्याच्या मधल्या जागेत असते. तिथं गाडी तुम्हाला हसत असते, पडतो का बघू म्हणत असते. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, इंजिन एका सुरात, नजर लांब.

"मावशी," ती म्हणाली, "मी येऊन राहिले!"

जत्रेच्या सकाळी ती उजाडता उजाडता निघाली. औंढ्याच्या पुढं डोंगर उतरताना पळस पेटलेला होता, आणि वळणावळणाला ती उगीचच हॉर्न वाजवत होती. कुरुंदा जवळ आल्याची खबर नेहमीप्रमाणं आधी नाकाला लागली. शिजलेल्या हळदीचा तो ओला, मातकट, उग्र वास. रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर वाळत घातलेली हळद आणि पलीकडं जत्रेचे पाळणे, रेवड्यांची दुकानं, गरम भज्यांचा धूर.

देवळामागच्या मोकळ्या रानात फक्कीनं पांढरे पट्टे आखले होते. लाऊडस्पीकरवर जळबा सर होते, गावच्या शाळेचे मास्तर. वर्षभर पोरांना गप बसवणारा हा माणूस जत्रेत मात्र माईक हातात आला की सुटायचा. गाडीवाले गोळा झाले होते. त्यांत मागच्या वर्षीचा पहिला नंबर, ओमप्रकाश. त्याचं वसमतला गॅरेज होतं, गाडी भारी होती आणि हात त्याहून भारी. पोरगं मनानं चांगलं, पण आज रुबाबात होतं.

नर्मदाबाई गाडी घेऊन पट्ट्याजवळ आली तशी गर्दीत खसखस पिकली.

"मावशे, बायकांची संगीत खुर्ची दुपारून हाय," जत्रा कमिटीतला एक जण म्हणाला.

"खुर्चीवर बसाया मी म्हातारी झाले का?" नर्मदाबाई म्हणाली.

"तसं न्हाई, पण शर्यत गाडीवाल्यांची हाय. ज्याची गाडी त्याचं नाव. ही गाडी तर सटवाजीकाकांच्या नावावर."

नर्मदाबाईचं तोंड उतरलं. कांद्याच्या वाफ्यात पडल्यावर न उतरलेलं तोंड तेवढ्या वाक्यानं उतरलं. संध्या तावातावानं पुढं झाली, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सटवाजी. गर्दीतून चाचपडत, एका हातानं माणसं बाजूला सारत ते पुढं आले. आज धुतलेलं धोतर आणि डोक्याला फेटा.

"कोण हाय रं त्यो? गाडी माझी हाय ना? मग घ्या माझं नाव. घेतलं? आता ऐका. सटवाजीच्या नावानं सटवाजीची बायको गाडी चालवणार. कोणाला काही तकलीफ?"

कोणाला काहीच तकलीफ नव्हती. लाऊडस्पीकरवर जळबा सरांचा आवाज फुटला, "सटवाजीकाकांचं म्हणणं बराबर हाय! घ्या नाव! आन् हिंगोलीच्या म्याडम, तुमी काहून नुसत्या उभ्या? शिकवणारानं बी उतरून दाखवावं. पाहुण्यांचा मान!"

संध्या शर्यतीत उतरायला आली नव्हती. पण लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिचे हात कधीचे शिवशिवत होते. तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

पहिल्या फेऱ्यांतच निम्मे गाडीवाले गळाले. जे रोज रस्त्यावरून भुर्रकन जायचे ते पट्ट्यात आल्यावर दारू प्यायल्यासारखे झुलायला लागले. एकाची गाडी बंद पडली, एकानं दोन्ही पाय टेकले आणि "टेकले न्हाईत" म्हणून भांडत बसला. एक तर घाबरून कान पिळून थेट भज्याच्या गाड्यापर्यंत गेला. लोक हसून हसून बेजार. ओमप्रकाश मात्र शांत. मांड्यांत टाकी धरून, दगडासारखा. तो आरामात पुढच्या फेरीत गेला. संध्याही गेली. आणि नर्मदाबाई? ती गाडीशी बोलत होती. "हां, हां, माझ्या राजा, दमानं, कुठं जायचंय आपल्याला, दमानं." ओठ हलत होते आणि गाडी गाभण म्हशीसारखी जड जड पावलं टाकत होती.

शेवटच्या फेरीत तिघंच उरली. मधल्या पट्ट्यात ओमप्रकाश, डावीकडं नर्मदाबाई, उजवीकडं संध्या.

आता जत्रा सगळी तिथंच. पाळण्यात बसलेले लोक वरून बघत होते. बायका, ज्या एरवी अशा गर्दीत लांबून बघायच्या, त्या पार फक्कीच्या रेघेपर्यंत आल्या होत्या. "नर्मदाकाकू! ओ काकू! पळू नका बरं का!" कोणीतरी ओरडलं आणि हशा झाला. जळबा सरांनी शिट्टी वाजवली.

तिन्ही गाड्या निघाल्या, आणि निघाल्या म्हणजे काय, थरथरल्या. धुळीत चाकं इंच इंच सरकत होती. संध्याच्या डाव्या पंज्यात क्लच जिवंत झाला होता. बोटभर सोडला की गाडी ओढते, बोटभर दाबला की ओढ मरते, आणि त्या मधल्या धाग्यावर ती उभी होती. घाम भुवयांतून डोळ्यांत उतरत होता पण पुसायला हात मोकळा नव्हता. शेजारून ओमप्रकाशच्या गाडीचा भारदस्त आवाज आणि त्याच्या पलीकडून पुटपुट, "दमानं, राजा, दमानं..."

पट्टा अर्धा सरला. ओमप्रकाशनं गाडी जवळजवळ थांबवली. पुढचं चाक हलेना, मागचं हलेना, गाडी हवेत टांगल्यासारखी. काय पोरगं होतं! संध्याच्या तोंडून "वाह" निघालं. आणि तेव्हाच त्याच्या चाकाखालचं ढेकूळ फुटलं. एवढंसं ढेकूळ. भारी गाडी डावीकडं कलली, त्यानं सावरली, ती उजवीकडं कलली, आणि त्याचा बूट धुळीत टेकला.

"बाद! ओमप्रकाश बाद!" जळबा सरांचा घसा फाटला. "आता राहिल्या दोन! गुरू आन् चेली! एक हिंगोलीची, एक कुरुंद्याची! बघा रे बघा, लेकरांनो, डोळे फाडून बघा!"

गर्दीतून जो आवाज उठला तो संध्याला हेल्मेटमधूनही छातीत जाणवला. आणि त्या आवाजात तिच्या मनात एक विचार आला. सोडून द्यावं का? थोडा क्लच सोडला की झालं. मावशी जिंकेल, गाव खूश होईल, कोणाला कळणारही नाही. पण पुढच्याच क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. पडून पडून, काष्टा झटकत पुन्हा पुन्हा उठलेली बाई. तिला भिकेत दिलेला नंबर? छे! हरवायचंच. जीव तोडून हरवायचं. जमलं तर.

मग ती अशी गाडी चालवायला लागली जशी कधीच चालवली नव्हती. रोजची सराईत संध्या कुठं गेली आणि पहिल्यांदा गाडीवर बसलेली, छाती धडधडणारी पोरगी परत आली. रेघ समोर होती, हातभर. दोन्ही गाड्या बरोबरीत. संध्यानं गाडी थांबवली, पूर्ण थांबवली, खांदे सैल सोडले, गाडी उभी राहिली. बाजूला नर्मदाबाईचीही उभी. दोन बायका, दोन मोटारसायकली, आणि काहीच घडत नव्हतं, आणि ते न घडणं बघायला हजारभर माणसं पायांच्या बोटांवर उभी होती. पाळणेवाल्यानंही पाळणा थांबवला होता.

संध्याची गाडी कलायला लागली. केसाएवढी, मग बोटाएवढी. सावरायचं असेल तर एकच उपाय, थोडी पुढं घेणं. पाय टेकायचा नाही! तिनं क्लच सोडला, गाडी सरळ झाली, आणि पुढचं चाक फक्कीच्या रेघेवरून अल्लद पलीकडं गेलं.

संध्या हरली होती.

तिला कळायच्या आधी तिच्या घशातून किंकाळी निघाली, आनंदाची. तिनं गाडी स्टँडला लावली की टाकून दिली तेही तिला पुढं आठवलं नाही. "मावशी! मावशी, जिंकल्या तुमी!"

पण नर्मदाबाईला काही ऐकू जात नव्हतं. अवघी जत्रा तिच्या नावानं बोंबलत होती, लोक फेटे उडवत होते, बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आणि ती, नजर लांब कुठंतरी कालव्याकडं लावून, तशीच इंच इंच पुढं सरकत होती. रेघ ओलांडली. रेघेच्या पुढं गेली. ओठ अजून हलत होते. शेवटी तिनं मान न वळवता हाक मारली,

"म्याडम! आता थांबू का?"

संध्या हसता हसता खाली बसली. ओमप्रकाशनं पुढं होऊन गाडीचं हँडल धरलं, "थांबा काकू, थांबा, जत्रा जिंकली तुमी," आणि वाकून तिच्या पाया पडला. तेव्हा कुठं नर्मदाबाईनं पाय टेकले, आजूबाजूला बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"काय झालं? कोण जिंकलं?" सटवाजी काठी उंचावून विचारत होते. एवढ्या गोंगाटात त्यांना गाड्यांचे आवाज वेगळे करता येईनात. "आरं सांगा की कोणी! माझी गाडी बंद पडली का?"

"न्हाई पडली काका," संध्या त्यांचा हात धरून म्हणाली. "शेवटपर्यंत एका सुरात होती."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग डोक्यावरचा फेटा काढला, चाचपडत बायकोपाशी गेले, आणि भर जत्रेत, गावासमोर, तिच्या डोक्यावर ठेवला. वाकडा बसला. नर्मदाबाईनं तो तसाच राहू दिला.

बक्षिसाचा नारळ आणि पितळी तांब्या देताना जळबा सरांनी माईक तिच्यापुढं धरला. ती कधी माईकवर बोलली नव्हती. घसा खाकरून म्हणाली, "मी काय बोलू? रानात पाणी द्यायचं राहिलंय." पुन्हा सगळी जत्रा हसली. तिथून हलेपर्यंत संध्याभोवती बायकांचा गराडा पडला. एकीला दुधाचे कॅन न्यायचे होते, एकीला अंगणवाडीत जायचं होतं. एक तरणी सून, मंजुषा, कडेवर लेकरू घेऊन, सासू ऐकत नाही ना याची खात्री करत हळूच म्हणाली, "मला कुठंच जायाचं न्हाई, मला नुसती चालवायची हाय." संध्यानं तिचा नंबर सगळ्यांत आधी घेतला.

उन्हं कलायला लागली तशी संध्या नर्मदाबाईच्या घरून निघाली. पाहुण्याला गावकुसापर्यंत पोचवायची रीत, पण नर्मदाबाई चालत पोचवणार नव्हती. तिनं गाडीला किक मारली. सटवाजी बाजूला उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"बसता का?" नर्मदाबाईनं विचारलं.

"कुठं?"

"माघं. दुसरी जागा कुठं हाय?"

गल्लीतले लोक बघत होते. सटवाजींनी काठी जवळच्या ओट्याला टेकवली, सीट चाचपली आणि बसले. हात कुठं ठेवावे ते कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग गाडी हलली तसे झटकन बायकोच्या खांद्यावर.

"क्लच सोड, हळू," ते म्हणाले.

"गप बसा," नर्मदाबाई म्हणाली.

दोन्ही गाड्या हळदीच्या ताडपत्र्यांमधून, लोकांच्या हाकांमधून, फाट्याकडं निघाल्या. संध्या पुढं, ती दोघं मागं. फाट्यावर संध्या थांबली, हात जोडून निरोप घ्यावा म्हणून. पण नर्मदाबाई थांबली नाही. मोठा रस्ता लागला होता, काळाभोर, सरळ, रिकामा. तिनं संध्याकडं एकदा बघितलं, डोळे मिचकावले, आणि तिसरा गिअर टाकला. मग चौथा. तो तिनं आजपर्यंत कधी टाकला नव्हता.

"आगं, आगं, आगं!" सटवाजींचा आवाज वाऱ्यात लांब लांब गेला. आधी तो भीतीचा होता. थोडं पुढं गेल्यावर, संध्यानं नीट कान देऊन ऐकलं, त्या आवाजाचा रंग बदलला होता. म्हातारा हसत होता. पोरासारखा, मोठमोठ्यानं.

वाकडा फेटा आणि त्याखाली खांदे धरलेले दोन हात लहान होत चालले. संध्यानं हेल्मेटची काच खाली ओढली, कान पिळला आणि त्यांच्या मागं गाडी सोडली.